बोअरहोल सात, साडेसहा मीटर

उलव्याहून आलेली पिशवी काथोडने टेबलावर ठेवली
तसं टेबल ओलं झालं.
"खारीची हाय, बेतानं घ्या," तो म्हणाला,
जणू आत जिवंत काही आहे.

रंग राखाडी. वास ओहोटीचा.
चाळणीवर शिंपल्याचा एक तुकडा राहिला, नखाएवढा.
चाचणीत त्याचं काम नव्हतं,
मी तो खिडकीच्या कठड्यावर ठेवला.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरून कंटेनर गेला की
तो तिथे किंचित वाजतो.

महाप्याच्या या शेडमध्ये भूकंप एका बटणावर असतो.
त्याआधी दोन दिवस नुसतं पाणी.
रबराची पातळ त्वचा साच्यात ताणायची,
नरसाळ्यातून वाळू सोडायची, उंची न बदलता.
हात थरथरला की एक थर घट्ट, एक सैल,
आणि सगळं पुन्हा.
मग खालून पाणी, इतकं हळू
की वाळूला कळू नये.
एक बुडबुडा जरी मागे राहिला
तरी तो धक्का गिळतो, आणि आकडा खोटा येतो.

साने मॅडम घनता तपासतात,
जमिनीत होती तेवढीच, दुसऱ्या दशांशापर्यंत.
"जुळली."
जुळली खरी.
पण ती तिथे किती वर्षं बसली होती
ते साच्यात भरता येत नाही.
कुठला कण कुणावर रेलला होता,
कुणाला कुणाची सवय झाली होती,
ते पिशवीतच सुटलं.
रिपोर्टमध्ये त्यासाठी एक ओळ असते,
बारीक अक्षरांत.

सेकंदाला एक हेलकावा.
एक, दोन, तीन. काही नाही.
स्क्रीनवर पाण्याच्या दाबाची रेघ जिना चढते आहे
आणि वाळू उभी, जशीच्या तशी.
सातव्याला मी चहा खाली ठेवला.
नवव्यालाही ती उभी होती.
अकराव्याला
रेघ वरच्या रेघेला टेकली.
कणाने कणाला सोडलं.
आवाज झाला नाही. खांब कमरेत ढिला पडला
आणि टोपी तिरकी झालेल्या माणसासारखा
एका बाजूला राहिला.

वाळू तेवढीच, पाणी तेवढंच,
नळ्या बंद, बाहेर थेंबही गेलेला नाही.
भार तेवढा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेला,
आणि पाण्याला खांदा नसतो.

बाबा दिवाळ्याच्या खाडीत निवट्या धरायचे.
एकदा मी मागोमाग उतरले,
घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत,
आणि घाबरून थांबले.
"उबी रव नको गो, चालत रव!"
ते ओरडले, मागे न वळता.
मी पाय उचलला. चिखलाने तो परत दिला,
चप्पल ठेवून घेतली.

चौदा मजल्यांना हे कसं सांगायचं?

बिल्डरकडच्या इंजिनिअरचा फोन आला.
"अकराच? जरा पुन्हा बघता का?"
पुन्हा बघितलं. दहा आले.
त्याने तिसऱ्यांदा विचारलं नाही.
मॅडमनी रिपोर्टच्या शेवटी लिहिलं:
दगडी खांब घाला, वाळू ठोकून बसवा,
आणि पाण्याला निघून जायला वाट ठेवा.
ही शेवटची ओळ मी दोनदा टाईप केली,
चूक नव्हती, तरी.

संध्याकाळी सेल उघडला, रबर कापलं,
वाळू ट्रेमध्ये पसरली.
ओव्हनमध्ये ठेवण्याआधी ट्रेच्या कडेला
बोटाने टकटक केली.
वाळू चकाकली, पाणी वर आलं.
थांबले.
पाणी आत गेलं, वाळू पुन्हा फिकट.
काथोड दारात चपला शोधत होता.
"काय करता, मॅडम?"
"काही नाही," म्हटलं,
आणि हात पुसले.